लेगोचा छंद उघडपणे जपताना: प्रौढ संग्राहकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

वयाची तिशी-चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसे लेगोचे, म्हणजे एकमेकांत जोडायच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे, सेट विकत घेतात, घरातले सगळे झोपल्यावर ते जोडायला बसतात आणि सकाळ व्हायच्या आत पुन्हा कपाटात ठेवून देतात. घरी खोका आला की तो भाच्याच्या वाढदिवसासाठी आहे, असे सांगितले जाते. कार्यालयात कोणी छंद विचारला, तर वाचन किंवा प्रवास असे उत्तर दिले जाते. हा लेख अशा माणसांसाठी आहे. छंद लपवताना प्रत्येक वेळी बोललेली गोष्ट किरकोळ असते, परंतु अशा किरकोळ गोष्टी साठत जातात, आणि एके दिवशी कपाट उघडले गेले की समोरच्या माणसाला ठोकळ्यांपेक्षा आपल्यापासून इतकी वर्षे काहीतरी दडवले गेले, हे अधिक लागते. शिवाय लपवलेले मॉडेल मनसोक्त पाहता येत नाही, कोणाला दाखवता येत नाही, आणि दिवसाच्या उजेडात मोठ्या टेबलावर ते जोडण्याचे सुख तर मिळतच नाही.

पुढे दिलेल्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे: छंदाचे समर्थन करत बसू नये, छंदाची माहिती द्यावी. समर्थन करणारा माणूस आपले काहीतरी चुकते आहे हे आधीच मान्य करून बसतो आणि समोरच्याला न्यायनिवाड्याचा अधिकार देऊन टाकतो. माहिती देणारा माणूस आपल्या आयुष्यातली एक गोष्ट समोर ठेवतो आणि तिच्याविषयी विचारण्याची मोकळीक देतो. कोणाला किती माहिती द्यायची, हे मात्र माणसागणिक बदलते. ज्यांच्याबरोबर तुम्ही घर आणि पैसा वाटून घेता, त्यांना सर्व काही कळण्याचा हक्क आहे. मित्र, नातेवाईक, सहकारी यांना तो हक्क नाही; त्यांना सांगणे ही तुमची इच्छा आहे. हा फरक मनात पक्का असला, की कोठे बोललेच पाहिजे आणि कोठे गप्प राहिले तरी चालते, याविषयी गोंधळ उरत नाही.

पहिली पायरी: आपला छंद नेमका कोणता, हे स्वतःपाशी स्पष्ट करा

‘मी लेगो जमवतो’ या एका वाक्यात अनेक वेगवेगळे छंद दडलेले असतात. कोणी केवळ मिनीफिगर, म्हणजे 1978 पासून बाजारात असलेल्या त्या छोट्या पिवळ्या माणसांच्या आकृत्या, जमवतो. कोणी 2007 मधल्या ‘कॅफे कॉर्नर’पासून सुरू झालेल्या, एकमेकींना जोडून रस्ता तयार होणाऱ्या इमारती ओळीने मांडतो. कोणाला टेक्निक मालिकेतले गिअर आणि आस यांची यंत्ररचना आवडते, कोणी आगगाड्यांच्या मागे असतो, तर कोणी तयार सेटकडे फारसे न पाहता सुटे तुकडे मिळवून स्वतःच्या कल्पनेतली मॉडेल उभी करतो. खोके न उघडता जपून ठेवणारे संग्राहक हा आणखी वेगळा वर्ग आहे. यांतले आपण कोण, हे ठरवून एक नेमके वाक्य तयार ठेवावे. उदाहरणार्थ, ‘मी लेगोच्या तुकड्यांतून जुन्या इमारतींची मॉडेल बनवतो’ किंवा ‘मी अंतराळविषयक सेट जमवतो, त्यातही विशेषतः जुने’. अशा वाक्यावर ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. ‘मला खेळण्यातल्या ठोकळ्यांचे जरा वेड आहे’ या वाक्यावर मात्र त्याला फक्त हसता येते, आणि तो हसला तर तशी सोय तुम्हीच करून दिलेली असते.

यानंतर यादी करावी. प्रत्येक सेटवर छापलेला क्रमांक, बाजारात आल्याचे वर्ष, तुकड्यांची संख्या, खोका आणि पुस्तिका आहे की नाही, सेट जोडलेला आहे की बंद, आणि तो कितीला घेतला, एवढ्या गोष्टी पुरेत. ब्रिकसेट आणि रीब्रिकेबल या संकेतस्थळांवर क्रमांक टाकला की बाकीचा तपशील मिळतो. ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या आणि जुन्या सेटच्या बाजारात सध्याचे व्यवहार कसे चालले आहेत, तेही दिसते. यादी पूर्ण झाली की दोन बेरजा कराव्यात: आजवर झालेला खर्च आणि सध्या व्यापलेली जागा. अनेकांना पहिल्या बेरजेची भीती वाटते, आणि म्हणूनच ती दुसऱ्या कोणाला सांगण्यापूर्वी स्वतः करून पाहणे आवश्यक आहे. ही बेरीज न करता जोडीदारासमोर बसणारा माणूस ‘फार नाही, थोडेसेच’ असे म्हणतो आणि पहिल्याच संभाषणात नव्या लपवाछपवीला सुरुवात करतो.

दुसरी पायरी: ज्यांच्याबरोबर घर चालवता, त्यांच्याशी बोला

हे संभाषण सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर मी अधिक लिहिणार आहे. आईवडिलांना किंवा मित्रांना सांगण्याआधी जोडीदाराला सांगावे. ही गोष्ट तिऱ्हाइताकडून कानावर येणे त्याला किंवा तिला दुप्पट दुखावते.

वेळ शांत निवडावी. महिन्याचा हिशेब चालू असताना, पाहुणे येणार असताना किंवा नवा खोका नुकताच दाराशी आलेला असताना हा विषय काढू नये. खोका आल्यावर सांगितले, तर ते पकडले गेल्यामुळे सांगितल्यासारखे वाटते. बोलताना प्रस्तावना लांबवू नये. ‘मला तुझ्याशी एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. मी बऱ्याच वर्षांपासून लेगोचे सेट घेतो आहे. आजवर त्यावर एवढा खर्च झाला आहे, आणि ते सगळे वरच्या कपाटात आणि पलंगाखाली आहेत. यातले बरेचसे मी तुला सांगितले नव्हते. ते सांगायला हवे होते. ही पूर्ण यादी आहे,’ इतके सरळ बोलावे आणि थांबावे.

आकडा एकदाच आणि पूर्ण सांगावा. निम्मा आज आणि निम्मा पुढच्या महिन्यात, असे केल्यास दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचा प्रामाणिकपणाही पुसला जातो. समोरचा माणूस रागावला, तर तो राग ऐकून घ्यावा; त्याच क्षणी त्याच्या कपड्यांचा, फोनचा किंवा प्रवासाचा खर्च काढून दाखवू नये. तुलना खरी असली तरी ती त्या वेळी हिशेब चुकता केल्यासारखी वाटते, आणि मग मूळ विषय बाजूला राहून दोघांच्या खर्चांची उजळणी सुरू होते. ‘मी तुला का सांगितले नाही’ या प्रश्नाचे मात्र खरे उत्तर द्यावे. बहुतेकांच्या बाबतीत ते ‘मला लाज वाटत होती’ एवढेच असते, आणि ते ऐकल्यावर माणसे आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच समजूतदारपणे वागतात.

राग ओसरल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, पुढे कसे करायचे हे दोघांनी मिळून ठरवावे. माझ्या मते तीन गोष्टींवर स्पष्ट सहमती लागते. पहिली म्हणजे ठरलेली रक्कम: दरमहा किंवा दरवर्षी एवढे पैसे छंदासाठी, आणि त्या मर्यादेत काय घ्यायचे याची परवानगी मागावी लागणार नाही. ही दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक खरेदीसाठी विचारावे लागले की लपवण्याचा मोह परत येतो. दुसरी म्हणजे जागेची सीमा: अमुक कपाट, अमुक फळ्या, त्या भरल्या की नवे आणण्याआधी जुने मोडून ठेवायचे किंवा विकायचे. मोठे सेट घेणाऱ्यांनी ही सीमा सेंटिमीटरमध्ये ठरवावी. 2021 मध्ये आलेले टायटॅनिक जोडल्यावर 135 सेंटिमीटर लांब होते आणि 2022 मधला आयफेल टॉवर 149 सेंटिमीटर उंच. अशी मॉडेल ‘कोठेतरी बसवू’ या भरवशावर घेता येत नाहीत. तिसरी म्हणजे वेळ: मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, घरकाम हे मागे ठेवून जोडकाम करायचे नाही. या छंदात तासन्‌तास कसे जातात हे कळत नाही, आणि जोडीदाराची खरी तक्रार कित्येकदा पैशांपेक्षा याच गोष्टीची असते.

झालेला खर्च घराला झेपण्यापलीकडचा असेल, कर्ज काढून किंवा बचत मोडून सेट घेतले असतील, तर हा प्रश्न छंद उघड करण्यापुरता राहत नाही. अशा वेळी नवी खरेदी पूर्ण थांबवावी, न उघडलेले सेट विकून घरातली उणीव भरून काढावी आणि खरेदीचा हात स्वतःहून आवरत नसेल तर समुपदेशकाची मदत घ्यावी. मनमोकळेपणे सांगून टाकल्याने खर्च आपोआप योग्य ठरत नाही.

गुंतवणुकीचा आधार घेऊ नका

याच संभाषणात एक युक्तिवाद हमखास तोंडावर येतो: ‘हे सेट बाजारातून बंद झाले की त्यांची किंमत वाढते, म्हणजे ही बचतच आहे.’ काही बंद झालेले सेट पुढे चढ्या भावाने विकले जातात, हे खरे आहे. परंतु कंपनी जुना सेट पुन्हा बाजारात आणू शकते आणि आणतेही. 2008 मध्ये ताजमहालाचा 5,922 तुकड्यांचा सेट आला होता. तो बंद झाल्यावर दुर्मीळ म्हणून त्याचा फार बोलबाला झाला, आणि 2017 मध्ये कंपनीने जवळजवळ तसाच सेट नव्या क्रमांकाने पुन्हा आणल्यावर जुन्याच्या दुर्मीळपणाचे मोल उतरले. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या मिलेनियम फाल्कन या अंतराळयानाचे 7,541 तुकड्यांचे नवे मॉडेल आले आणि 2007 मधल्या फाल्कनवर भिस्त ठेवून बसलेल्यांनाही हेच अनुभवावे लागले. जोडलेल्या, धूळ बसलेल्या, खोका नसलेल्या सेटला न उघडलेल्या सेटचा भाव येत नाही, ही गोष्ट तर वेगळीच. जोडण्यासाठी घेतलेल्या वस्तूला बचत म्हणणे हीदेखील एक प्रकारची लपवाछपवी आहे. ‘मला हे करायला आवडते आणि त्यासाठी एवढा खर्च होतो’ हे वाक्य अधिक खरे आहे.

तिसरी पायरी: एक मॉडेल सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा

घरात सहमती झाली, की बाहेरच्यांना सांगण्यासाठी वेगळी घोषणा करण्याची गरज नसते. बसण्याच्या खोलीत एक चांगले मॉडेल मांडावे आणि बाकीचे काम त्यालाच करू द्यावे. पहिल्यांदा एकच मॉडेल ठेवावे. भिंतभर मांडणी पाहून पाहुणा बावरतो, तर एकच नीट मांडलेली वस्तू पाहून तो जवळ जाऊन न्याहाळतो. निवडताना ज्याला या विषयातले काहीच माहीत नाही, त्यालाही ओळखता येईल असे काहीतरी घ्यावे: एखादी प्रसिद्ध वास्तू, जहाज, टंकयंत्र, किंवा 2021 पासून आलेल्या वनस्पती मालिकेतला फुलांचा गुच्छ. तुमचे स्वतःचे आवडते मॉडेल एखाद्या फारशा माहीत नसलेल्या अंतराळयानाचे असू शकते, पण त्याची पाळी नंतर येऊ द्यावी.

मांडणी जपणुकीला धरून असावी, कारण पिवळट आणि धुळकट मॉडेल पाहून समोरच्याचे मत चांगले होत नाही. लेगोचे ठोकळे 1963 पासून एबीएस या प्लॅस्टिकचे बनतात. हे प्लॅस्टिक टणक आणि अचूक मापाचे असते, पण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी त्याचा रंग बदलतो. पांढरे, करडे आणि निळे तुकडे यात लवकर पिवळे पडतात. म्हणून खिडकीसमोरची जागा टाळावी. धूळ मऊ, रुंद ब्रशने दर आठवड्याला झटकली तर ती खाचांत चिकटत नाही. काचेचे दार असलेले कपाट असेल तर उत्तमच. धुण्याची वेळ आली तर मॉडेल सुटे करून 40 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात, सौम्य साबणाने हातानेच धुवावे आणि सावलीत वाळवावे. स्टिकर लावलेले व छपाई असलेले तुकडे वेगळे काढून ओल्या फडक्याने पुसावेत. मोटर आणि दिवे यांना पाणी लागू देऊ नये.

चौथी पायरी: येणाऱ्या प्रश्नांना थोडक्यात आणि नेमके उत्तर द्या

प्रश्न ठरलेले असतात. ‘हे तर लहान मुलांचे खेळणे ना?’, ‘या वयात?’, ‘याचा उपयोग काय?’ बहुतेक वेळा यांत कुत्सितपणा नसतो. विचारणाऱ्याला खरोखर माहिती नसते. म्हणून पहिले उत्तर नेहमी सरळ असावे आणि दोन-तीन वाक्यांत संपावे.

वयाविषयीच्या प्रश्नाला वस्तुस्थिती सांगणे पुरेसे आहे. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने 1932 मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली, त्यातून ही कंपनी उभी राहिली, आणि मुलांसाठीच ती उभी राहिली हे मान्य करावे. पण 2020 पासून कंपनी स्वतःच मोठ्या सेटच्या खोक्यांवर ‘18+’ असे छापते, आणि हजारो तुकड्यांचे हे सेट प्रौढांसाठीच आखलेले असतात. बिलुंडमध्ये 2017 साली उघडलेल्या, वास्तुकार ब्यार्के इंगेल्स यांच्या संस्थेने आखलेल्या लेगो हाउसमध्ये प्रौढ छंदिष्टांनी स्वतः रचलेल्या कलाकृतींसाठी खास दालन आहे. नेथन सवाया हे न्यूयॉर्कमधले वकील वकिली सोडून ठोकळ्यांतून शिल्पे घडवणारे कलावंत झाले आणि त्यांची प्रदर्शने अनेक देशांत भरली. हे सारे एका दमात सांगायचे नसते. ज्याने विचारले त्याच्या आवडीप्रमाणे यातली एखादी गोष्ट निवडावी.

‘यात करण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा हातात देणे मला नेहमीच अधिक योग्य वाटते. एका छोट्या डबीत मोजके तुकडे तयार ठेवावेत. दोन ठोकळे जोडून दाखवावे आणि सांगावे, की वरचे गोल खुंट आणि आतल्या नळ्या यांची ही पकड 28 जानेवारी 1958 रोजी पेटंटसाठी नोंदवली गेली आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. दोन खुंटांमधले अंतर 8 मिलिमीटर असते, ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर, आणि प्लेट नावाचा पातळ तुकडा 3.2 मिलिमीटरचा, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. पाच ठोकळे उभे रचले की त्यांची उंची 48 मिलिमीटर होते आणि सहा खुंटांची लांबीही तितकीच भरते, त्यामुळे ठोकळे आडवे वळवूनही रचनेत चपखल बसवता येतात. प्रौढ रचनाकारांचे निम्मे कौशल्य या आडव्या बांधणीत असते. एकाच रंगाचे, दोन गुणिले चार खुंटांचे सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, ही गोष्ट कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या गणनेतून पुढे आली. आधी सांगितला जाणारा आकडा पुष्कळच लहान होता, कारण त्यात फक्त सहाही ठोकळे एकावर एक चढवलेल्या रचना मोजल्या होत्या. हातात तुकडे असताना हे ऐकणाऱ्या माणसाला उपयोगाविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

वडीलधाऱ्यांशी बोलताना आकडेवारीपेक्षा सोबत अधिक उपयोगी पडते. मोठ्या सेटचे तुकडे क्रमांक टाकलेल्या पिशव्यांत येतात आणि एका पिशवीचे काम साधारण एका बैठकीत संपते. ‘बाबा, ही एक पिशवी तुम्ही जोडता का? मी तुकडे शोधून देतो, तुम्ही पुस्तिका पाहून लावा,’ असे म्हणून त्यांना शेजारी बसवावे. चष्मा लावून बारीक तुकडे हाताळणे ज्यांना त्रासदायक वाटते, त्यांना मोठ्या तुकड्यांचा भाग द्यावा. अशा बैठकीनंतरही त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला, तर वाटू द्यावा. प्रत्येकाला छंद पटलाच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्याला उघडपणाचे समाधान मिळत नाही.

आणि कोणी खरोखर टिंगल केली तर? पहिल्यांदा सरळ उत्तर द्यावे, दुसऱ्यांदा ‘मला हे मनापासून आवडते’ इतकेच म्हणावे, आणि तिसऱ्यांदा विषय बदलावा. आपणच आधी स्वतःवर विनोद करून टिंगलीची धार बोथट करण्याची सवय अनेकांना असते. ती सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण तुम्ही जी गोष्ट हसण्यावारी नेता, ती समोरचा गंभीरपणे घेण्याची शक्यता राहत नाही.

पाचवी पायरी: मुलांच्या बाबतीत नियम आधीच सांगा

मुलांना पुढे करून छंद लपवणे हा सर्वांत जुना बहाणा आहे आणि तो मुलांवर अन्याय करणारा आहे. ‘हे मुलासाठी आणले’ असे सांगून आणलेल्या सेटला मुलाने हात लावला की ओरडणारा बाप किंवा आई मुलाला काहीच स्पष्ट सांगत नसते. ‘हे माझे आहे, ते तुझे आहे आणि हे आपण दोघांनी मिळून जोडायचे आहे’ अशी तीन भागांची विभागणी मुलांना चटकन समजते आणि ती ती पाळतातही, मात्र त्यांच्या वस्तूंच्या बाबतीत तुम्हीही ती पाळायला हवी. मुलाने जोडलेले मॉडेल त्याला न विचारता ‘नीट’ करू नये.

पाहुण्यांची मुले येणार असतील, तर सुट्या तुकड्यांची एक पेटी त्यांच्यासाठी राखून ठेवावी आणि ती आल्याबरोबर पुढे करावी. काचेआडच्या मॉडेलकडे मग त्यांचे फारसे लक्ष जात नाही. तीन वर्षांखालील मुले घरात असताना बारीक तुकडे जमिनीवर किंवा हाताशी येतील असे कधीही ठेवू नयेत, कारण ते गिळले जाण्याचा आणि घशात अडकण्याचा धोका असतो. अशा दिवशी अर्धवट जोडलेले काम झाकण असलेल्या ट्रेमध्ये उंचावर ठेवावे.

कामाच्या ठिकाणी

येथे सांगण्याचे कोणतेही बंधन नाही. कोणी सुट्टीत काय केले असे विचारले, तर खरे उत्तर द्यावे, एवढाच नियम मी पुरेसा मानतो. मेजावर एखादे लहान मॉडेल ठेवायचे असल्यास ते तळहाताएवढे असावे आणि ज्या जागी ग्राहक किंवा रुग्ण येऊन गंभीर गोष्टी बोलतात, तेथे ते ठेवू नये. छायाचित्रे कोणी मागितली तरच दाखवावीत आणि दोन-तीन दाखवून थांबावे.

सहावी पायरी: समछंदी माणसे शोधा

प्रौढ छंदिष्टांचे गट अनेक देशांत आहेत. ते नियमित भेटतात, प्रदर्शने भरवतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि त्यांतल्या काही गटांना कंपनीची मान्यताही असते. बालपणानंतर लेगोपासून दूर राहिलेल्या वर्षांना ही मंडळी ‘डार्क एजेस’ म्हणतात, स्वतःच्या रचनेला ‘मॉक’ म्हणतात. पहिल्या भेटीत या शब्दांनी गोंधळून जाऊ नये, कारण तेथे नव्या माणसाला सगळे आनंदाने समजावून सांगतात. अशा एखाद्या प्रदर्शनाला जोडीदाराला किंवा मोठ्या मुलांना बरोबर न्यावे. डॉक्टर, शिक्षक, अभियंते, निवृत्त माणसे अशी सर्व तऱ्हेची माणसे आपापल्या रचनेजवळ उभी राहून अनोळखी माणसांना तासभर माहिती देताना पाहिली, की घरच्यांच्या मनातले या छंदाचे चित्र बदलते. घरी तुम्ही कितीही सांगितले तरी ते काम होत नाही.

स्वतःची रचना लोकांसमोर ठेवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे कंपनीचे लेगो आयडियाज हे संकेतस्थळ. तेथे मांडलेल्या कल्पनेला 10,000 लोकांचा पाठिंबा मिळाला, की कंपनी तिचा सेट म्हणून विचार करते. 2008 मध्ये जपानमध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या उपक्रमातून अनेक हौशी रचनाकारांची मॉडेल प्रत्यक्ष बाजारात आली आहेत. निवड होणे दुर्मीळ आहे, हे लक्षात ठेवूनच तेथे जावे. पण आपले काम स्वतःच्या नावाने मांडण्याचा सराव त्यातून होतो.

इंटरनेटवर दाखवताना

ओळखीच्यांसमोर उघडपणे वागणे आणि साऱ्या जगाला घराचा तपशील देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. न उघडलेले सेट चोरीच्या दृष्टीने सोयीचे असतात: ते नवे असतात, सहज विकले जातात आणि त्यांची ओळख पटवणे अवघड असते. म्हणून संग्रहाचे छायाचित्र टाकताना खिडकीबाहेरचे दृश्य, पत्ता असलेली पार्सलची चिठ्ठी, छायाचित्रातली ठिकाणाची नोंद या गोष्टी काढून टाकाव्यात. संग्रहाची एकूण किंमत लिहू नये. प्रवासाला गेल्याचे परतल्यावर सांगावे. घरातल्या इतर माणसांचे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय येऊ देऊ नयेत. छंद तुमचा आहे, तो उघड करण्याचा निर्णयही तुमचा आहे, त्यांनी तो घेतलेला नाही.

शेवटची पायरी: यादी घरच्यांच्या हाती द्या

पहिल्या पायरीत केलेली यादी येथे पुन्हा उपयोगी पडते. तुम्हाला काही झाले, दीर्घ आजारपण आले किंवा अचानक घर बदलावे लागले, तर संग्रहाचे काय करायचे हे घरच्यांना माहीत असले पाहिजे. ज्यांना कल्पना नसते, त्यांना शेकडो तुकड्यांचा सुटा केलेला दुर्मीळ सेट आणि मुलांच्या खेळण्यांचा ढीग यांतला फरक दिसत नाही, आणि सगळे एकत्र वजनावर विकले जाते. म्हणून प्रत्येक सेट कोठे आहे, त्याची पुस्तिका कोणत्या फाइलमध्ये आहे, कोणते सेट कोणाला द्यावेत अशी तुमची इच्छा आहे, कोणते विकले तरी चालतील आणि विक्रीसाठी गटातल्या कोणाची मदत घ्यावी, हे त्याच यादीत लिहावे. सुटे केलेले सेट क्रमांक लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत, म्हणजे ती यादी दुसऱ्या माणसालाही वापरता येते. मौल्यवान संग्रह असल्यास घराच्या विम्यात तो धरला जातो का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे आणि छायाचित्रांसह यादीची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी. नवी खरेदी झाली की ती त्याच आठवड्यात यादीत चढवावी, वर्षातून एकदा पूर्ण यादी पडताळून पाहावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातल्या किमान एका माणसाला प्रत्यक्ष नेऊन दाखवावे.